सायकल ट्रेलरमधून लहान मूल नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्युनिकला आलो त्याच वर्षी आम्ही सायकल ट्रेलर, म्हणजे सायकलच्या मागे जोडायची मुलांची छोटी गाडी, घेतला. आधी लेक आणि मग तिचा धाकटा भाऊ, दोघंही त्यातूनच फिरले. किटा (इथलं पाळणाघर), इझार नदीचा काठ, शनिवारची भाजी, मित्रांकडची गणपतीची आरती, सगळीकडे ट्रेलर. जर्मनीत नव्याने आलेल्या आईबाबांकडून तेव्हापासून त्याबद्दल प्रश्न येतात. जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. नियम जर्मनीचे दिले आहेत. अमेरिका आणि भारताबद्दलचे प्रश्न शेवटी आहेत.

१. मागच्या सीटपेक्षा ट्रेलर खरंच सुरक्षित असतो का?

पडण्याच्या बाबतीत, हो. मागच्या सीटवरचं मूल जमिनीपासून जवळजवळ मीटरभर उंच असतं आणि सायकल आडवी झाली की तेही तुमच्याबरोबर आपटतं. ट्रेलरमध्ये ते जमिनीच्या जवळ, चौकटीच्या आत, पट्ट्यांनी बांधलेलं असतं. ट्रेलरच्या दांड्याची जोडणी फिरती असते, त्यामुळे सायकल पडली तरी ट्रेलर सहसा सरळ उभा राहतो. सायकल उभी करताना हात सटकून ती पडणं ही रोज होणारी गोष्ट आहे, आणि हा फायदा तिथेच कळतो.

सीटचेही फायदे आहेत. मूल बोललेलं ऐकू येतं, अरुंद जागेतून जाता येतं, तळघरात ट्रेलर उतरवायची कसरत करावी लागत नाही. उन्हाळ्यात, जवळच्या अंतरासाठी, दीडदोन वर्षांच्या मुलाला सीट पुरते. रोज, बाराही महिने आणि झोपेच्या वेळी न्यायचं असेल तर मी ट्रेलरच सुचवते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ट्रेलरमधलं मूल तुम्हाला दिसत नाही. पट्टा सैल आहे, टोपी डोळ्यांवर आली आहे, बोट कुठे अडकलं आहे, हे चालवताना कळणार नाही. म्हणून निघण्यापूर्वीची दोन मिनिटं आणि मध्ये थांबून मागे जाऊन बघणं यांना पर्याय नाही.

२. बाळ किती महिन्यांचं झालं की बसवायचं?

जर्मन कायद्यात किमान वय दिलेलं नाही, म्हणून निर्णय तुमच्यावर येतो. बाळाने मान धरली एवढ्यावर जाऊ नका. आधाराशिवाय, न कलंडता, बराच वेळ बसता यायला हवं. त्याआधी न्यायचं असेल तर त्याच ट्रेलरसाठी बनवलेली, झोळीसारखी टांगलेली बाळसीट लागते. ती कधीपासून आणि कधीपर्यंत वापरायची ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. गाडीतली बाळाची सीट उचलून ट्रेलरमध्ये ठेवू नका. बनवणाऱ्याने तशी सोय दिली असेल तरच ती चालते.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा मान-पाठीची काही तक्रार असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा. आम्ही लेकीसाठी आठ महिने थांबलो. त्यानंतरही पहिले काही दिवस दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि फक्त डांबरी रस्ता. इझारकाठची खडीची वाट मोठ्यांना सुखाची वाटते, पण छोट्या चाकांवर बसलेल्या बाळाला प्रत्येक खडा लागतो. ट्रेलरला स्प्रिंग असतील तर त्या बाळाच्या वजनानुसार लावून घ्या. चाकात हवा छापलेल्या मर्यादेच्या आतच, पण थोडी कमी ठेवा. दगडासारखं फुगवलेलं चाक सगळा धक्का वर पाठवतं.

३. किती वर्षांपर्यंत नेता येतं? कायदा काय म्हणतो?

जर्मन वाहतूक नियमांचं कलम २१ सांगतं ते असं: मूल सातवा वाढदिवस होईपर्यंत, एका ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त दोन मुलं, ट्रेलर मुलं नेण्यासाठीच बनवलेला असावा आणि चालवणारी व्यक्ती किमान १६ वर्षांची. म्हणजे आजीआजोबा खुशाल नेऊ शकतात, चौदा वर्षांचा दादा नाही.

एक अपवाद फार कमी जणांना माहीत असतो. मूल दिव्यांग असेल तर सात वर्षांची अट लागू होत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही नेता येतं, फक्त ट्रेलर त्याच्या वजनाला आणि उंचीला पुरायला हवा.

प्रत्यक्षात वयाआधी उंची संपते. डोकं छताला टेकू लागलं किंवा खांदे वरच्या पट्ट्याच्या भोकाच्या वर गेले की ट्रेलरचे दिवस संपले असं समजा. आमच्या लेकीचे पाच पूर्ण होण्याआधीच संपले.

४. ट्रेलरमध्ये हेल्मेट हवं का?

जर्मनीत सक्ती नाही, ना मोठ्यांना ना मुलांना. तरी मी घालते, कारण ट्रेलर उलटू शकतो (प्रश्न ११ पहा).

अडचण येते ती हेल्मेटच्या मागच्या फुगवट्याची. पाठ सपाट असेल तर हेल्मेट डोक्याला पुढे ढकलतं आणि हनुवटी छातीला टेकते. लहान बाळासाठी ते वाईटच, श्वासाला अडथळा होऊ शकतो. चांगल्या ट्रेलरच्या पाठीला डोक्यामागे खोलगट जागा किंवा जाळीचा खिसा असतो, फुगवटा त्यात बसतो. ट्रेलर घेतानाच मूल आणि हेल्मेट दोन्ही घेऊन जा आणि बसवून बघा. मागून सपाट असणारी हेल्मेटही मिळतात, ट्रेलरसाठी तीच बरी. झोळीच्या सीटमधल्या बाळाला हेल्मेट घालायचं नाही. तिथे सावकाश चालवणं हाच उपाय.

५. माझ्या सायकलला ट्रेलर जोडता येईल का? ई-बाइकला?

आधी सायकलचं मॅन्युअल उघडा आणि ट्रेलरला परवानगी आहे का ते बघा. कार्बनच्या फ्रेमला बहुतेक वेळा नसते. मग मागच्या चाकाचा अॅक्सल (चाकाच्या मधला दांडा) बघा, कारण जोडणी तिथेच होते. जुन्या पद्धतीचा नट असेल किंवा झटपट उघडणारी खिट्टी असेल तर काम सोपं. हल्लीच्या बऱ्याच सायकलींना आरपार जाणारा जाड अॅक्सल असतो. त्याला वेगळा अडॅप्टर लागतो, आणि लांबी व आटे दोन्ही अचूक जुळावे लागतात. दोन आट्यांमधलं अंतर १.०, १.५ किंवा १.७५ मिलिमीटर असतं. डोळ्यांनी फरक कळत नाही आणि चुकीचा अॅक्सल दोन फेऱ्या आत गेल्यासारखा वाटतो. मूळ अॅक्सल काढून दुकानात न्या, अंदाजाने मागवू नका.

ताशी २५ किमी वेगापर्यंत मोटरची साथ देणारी नेहमीची ई-बाइक चालते, उत्तम चालते. मागच्या चाकात मोटर असेल तर तिच्यासाठी खास जोडणी आहे का ते विचारा. ताशी ४५ किमी वेगाच्या ई-बाइकला मुलांचा ट्रेलर जोडायला जर्मनीत मनाई आहे. कायद्याच्या नजरेत ती मोपेड, म्हणजे मोटर वाहन, आणि मोटर वाहनामागच्या ट्रेलरमध्ये माणसं बसवता येत नाहीत.

ब्रेक ही शेवटची गोष्ट. ट्रेलर रिकामा असतानाच बारा ते अठरा किलोचा असतो. त्यात दोन मुलं आणि दप्तरं धरली की पन्नासाच्या आसपास जातं. तेवढं थांबवायची ताकद सायकलच्या ब्रेकमध्ये हवी.

६. जोडणी बरोबर झाली हे कसं ओळखायचं?

दांडा मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला जोडला जातो, कारण उजवीकडे साखळी आणि गिअर असतात. पिन किंवा खिट्टी पूर्ण बसली की ओढून बघा, हलक्या हाताने नाही, जोर लावून. त्यानंतर सुरक्षा पट्टा. हा छोटासा पट्टा सायकलच्या फ्रेमभोवती फिरवून परत दांड्याला अडकवायचा असतो. मुख्य जोडणी निसटली तर ट्रेलर रस्त्यावर मोकळा सुटू नये म्हणून तो आहे. रोजच्या घाईत हाच विसरला जातो, आणि तो लोंबत ठेवून निघालेले कितीतरी ट्रेलर मी रस्त्यावर पाहिले आहेत.

मी निघताना मोठ्याने म्हणते: "खिट्टी, पट्टा, झेंडा, चाकं." झेंडा ट्रेलर लांबून दिसावा म्हणून (प्रश्न १४). चाकं यासाठी की ट्रेलरची घडी घालताना ती काढलेली असतात आणि परत लावताना एखादं 'खट्' न वाजता बसतं. प्रत्येक चाक बाहेर ओढून बघा. नंतर नंतर मुलंच मागे लागतात, "आई, झेंडा राहिला!"

७. पट्टे किती घट्ट आवळायचे? थंडीचे जाड कपडे असतील तर?

खांद्यावरचा पट्टा आणि छाती यांच्यामध्ये तुमची दोन बोटं सपाट जातील, मूठ जाणार नाही, इतके घट्ट. खांद्याचा पट्टा खांद्याच्या उंचीला किंवा किंचित वर निघायला हवा. पायांमधला पट्टाही लावायचाच, नाहीतर मूल घसरून खाली जातं आणि पट्टा गळ्याशी येतो.

फुगलेल्या जॅकेटवर पट्टा घट्ट वाटतो, पण आत नुसती हवा असते. लोकरीचे पातळ थर घाला, पट्टा लावा आणि वरून पायपिशवी किंवा ब्लँकेट द्या.

गळ्यात काही नको. मफलर नको, टोपीची नाडी नको आणि नजरेचा काळा दोरा किंवा ताईतही नको. आजी रागावल्या तर दोरा मनगटाला किंवा पायात बांधा. चालवणाऱ्याची ओढणीही खोचलेली हवी, मागच्या चाकात गेली की दोघांचाही अपघात.

८. ट्रेलर दोघांचा आहे पण मूल एकच. त्याला कुठे बसवायचं?

मध्ये बसवायची सोय असेल तर मध्ये. नसेल तर जर्मनीत उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या बाजूला, गाड्यांपासून लांब. 'उजवीकडे' ही सूचना उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी लिहिलेली असते. इंग्लंडमध्ये किंवा भारतात वापरणार असाल तर बनवणाऱ्याला विचारून ठरवा. दोन मुलांच्या वजनात बराच फरक असेल तरी हाच विचार करा आणि वळताना अधिक जपा.

९. मागच्या कप्प्यात किती सामान ठेवू शकतो?

आतल्या स्टिकरवर लिहिलेल्या एकूण वजनात मुलं आणि सामान दोन्ही धरायचे. पण वजनापेक्षा ते कुठे ठेवलं यावर जास्त अवलंबून असतं. कप्पा चाकांच्या मागे असतो. तिथे दुधाचे खोके आणि दहा किलो तांदूळ ठेवले की दांडा वर उचलला जातो, सायकलचं मागचं चाक हलकं होतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं. सायकल काढून ट्रेलर नुसता उभा असताना मूल खाली उतरलं तर तो मागे कलंडतोही. जड सामान सायकलच्या कॅरिअरच्या पिशव्यांत घाला. मागच्या कप्प्यात लंगोट, कपडे, छत्री अशा हलक्या गोष्टी. मुलाच्या शेजारी सुटी बाटली किंवा कुलूप ठेवू नका, उलटल्यावर तेच डोक्याला लागतं.

१०. पहिल्यांदा चालवताना भीती वाटते. सराव कसा करू?

मुलाऐवजी तांदळाची पोतडी बसवा. खरंच. पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या सीटवर ठेवून पट्ट्यांनी बांधा आणि रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये जा. निघा, थांबा, जोरात ब्रेक लावा, आठचा आकडा काढा. दोन डबे ठेवून त्यांच्यामधून जा आणि मागे वळून बघा ट्रेलरच्या चाकाने डबा पाडला का. दोघांचा ट्रेलर साधारण ८५ ते ९० सेंमी रुंद असतो, म्हणजे हँडलपेक्षा बराच जास्त. तुम्ही गेलात तिथून तो जाईलच असं नाही, आणि वळणावर तर तो तुमच्यापेक्षा आतून जातो.

हा सराव मूल बरोबर नेणाऱ्या प्रत्येकाने वेगळा करावा. बाबांना सवय झाली म्हणून आईला झाली असं होत नाही.

११. ट्रेलर उलटतो का? कशामुळे?

उलटतो, आणि जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: वळताना एक चाक कशावर तरी चढतं.

आमचा उलटला तो आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर. बेकरीतून ब्रेड घेऊन येत होतो, उजवीकडे वळले, वेगही फार नव्हता. वळण जरा आखूड घेतलं. ट्रेलरचं उजवं चाक आतून आलं आणि फुटपाथच्या कडेवर चढलं. ती बाजू वर गेली आणि वळणाच्या झोक्याने ट्रेलर डावीकडे आडवा झाला. मला कळलं ते सायकलला बसलेल्या हिसक्याने, मागे बघितलं तर एक चाक हवेत फिरत होतं. लेक पट्ट्यात आडवी लटकलेली, डोळे मोठे, हातात ब्रेडचा तुकडा तसाच. पट्टा घट्ट होता, हेल्मेट होतं, ओरखडाही आला नाही. रडले मीच.

तेव्हापासून वळण मोठं घेते, आधी वेग कमी करते आणि वळताना पेडल मारत नाही. आमच्या मॅन्युअलमध्ये सरळ रस्त्यावर २५ किमी आणि वळणावर १० किमी ही मर्यादा दिली आहे. दहा म्हणजे जवळजवळ धावण्याचा वेग, तेवढंच. फुटपाथची कड चढायचीच असेल तर उतरून ढकला, दोन्ही चाकं एकाच वेळी चढतील अशी सरळ.

१२. उतारावर ट्रेलर ढकलतो आहे असं वाटतं. काय करू?

वाटतं ते बरोबरच आहे. चालवताना वापरायचे ब्रेक सायकलला आहेत, ट्रेलरला नाहीत. तुम्ही थांबता, तो थांबत नाही. उताराच्या वरच वेग कमी करा आणि तो वाढूच देऊ नका. दोन्ही ब्रेक वापरा, हळूहळू दाबा. वळताना आणि ओल्या पानांवर ब्रेक दाबू नका, ट्रेलर मागच्या चाकाला बाजूला ढकलतो. ऑक्टोबरमध्ये झाडांखालच्या वाटेवर ओली पानं म्हणजे साबण. थांबायला नेहमीपेक्षा जास्त जागा लागते हे धरूनच पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. ई-बाइकवर साथ कमी करून चालवा, नाहीतर चढावरची मदत सपाटीवर नकळत वेग बनते.

१३. कुठून चालवायचं: रस्ता, सायकलमार्ग की फुटपाथ? ट्रामच्या रुळांचं काय?

फुटपाथवरून नाही. ट्रेलरसाठी सवलत नाही, वाटलं तर उतरून ढकला. गोल निळ्या पाटीचा सायकलमार्ग असेल तर तो वापरायचा. तो इतका अरुंद असेल की ट्रेलर मावतच नाही, तर रस्त्यावरून जाता येतं. मोटारींनी ओलांडताना शहरात किमान दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं, हे २०२० पासून नियमात स्पष्ट लिहिलं आहे. त्यासाठी तुम्हीही कडेला चिकटून जाऊ नका. चिकटलात की गाडीवाल्याला वाटतं जागा आहे, आणि ट्रेलरचं बाहेरचं चाक तो विसरतो. उभ्या गाड्यांचं दारही उघडू शकतं.

ट्रामचे रूळ काटकोनात ओलांडा. दोन चाकांची सायकल तिरकी निसटली तर तुम्ही पडता, आता मागे आणखी दोन चाकं आहेत आणि ती वेगळ्या वेळी रुळात पोचतात. बागांच्या तोंडाशी असलेले खांब आणि आडवे कठडे आधी चालत जाऊन मोजा. आम्ही किटाचा रस्ता असाच पक्का केला: नकाशात दीड किलोमीटर, आमच्या वाटेने सव्वादोन, पण ट्राम नाही आणि मोठा चौक एकच.

मुलाचं नाक गाड्यांच्या धुराच्या नळीच्या उंचीला असतं. सिग्नलला बस किंवा ट्रकच्या मागे उभं राहू नका. ही एवढी गोष्टसुद्धा मागच्या गल्लीतून जायला पुरेसं कारण आहे.

१४. दिवे आणि रिफ्लेक्टर कोणते लागतात?

२०१८ पासून बाजारात आलेल्या ट्रेलरसाठी नियम असा: मागे दोन लाल रिफ्लेक्टर, चाकांवर किंवा बाजूंना चमकणाऱ्या पट्ट्या. रुंदी ६० सेंमीपेक्षा जास्त असेल तर पुढे दोन पांढरे रिफ्लेक्टर आणि मागे डावीकडे लाल दिवा. मुलांचे जवळजवळ सगळे ट्रेलर यात येतात. सायकलचा मागचा दिवा ट्रेलरमुळे अर्ध्याहून जास्त झाकला गेला तरी लाल दिवा लागतोच.

नियमापलीकडे झेंडा लावा. ट्रेलर मोटारीच्या बॉनेटपेक्षा ठेंगणा असतो, बाजूच्या गल्लीतून येणाऱ्याला झेंडाच आधी दिसतो. नोव्हेंबरमध्ये साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा दिवा चार्ज केलेला असू द्या.

१५. थंडी, पाऊस, ऊन: काय घालायचं, काय झाकायचं?

तुम्ही पेडल मारून घामाघूम होता आणि मूल तासभर निश्चल बसलेलं असतं. तुमच्या अंगावरून त्याची थंडी ठरवू नका. थांबून मानेच्या मागे हात लावा. तिथे ऊब असेल तर ठीक, हात-नाक गार असणं चालतं. घाम असेल तर एक थर काढा.

पावसाचं प्लॅस्टिक फक्त पावसात. ऊन पडताच ते काढा, काही मिनिटांत आत भट्टी होते. उन्हात ट्रेलर उभा करून मुलाला आत ठेवू नका, 'झोपलंय, दोन मिनिटांत येते' असं म्हणूनही नाही. पुढची जाळी मात्र नेहमी लावलेली हवी. तुमच्या मागच्या चाकातून उडणारी खडी सरळ मुलाच्या तोंडावर जाते. सायकलला लांब चिखलपट्टी असेल तर उत्तम.

१६. मूल झोपलं आणि मान लटकली तर? रडायला लागलं तर?

मोठ्या मुलाची मान बाजूला कलंडली तर गुंडाळलेलं दुपटं लावून आधार द्या आणि सावकाश घरी या. लहान बाळाची हनुवटी छातीला टेकली असेल तर थांबायचं, उतरायचं, नीट करायचं, मग पुढे. डोक्याला टेकू म्हणून सैल उशी नको, ती तोंडावर येते.

रडलं तर चालवत असताना मागे वळून बोलू नका. तुमची नजर वळली की हँडल वळतं. कडेला थांबा, सायकल धरून ठेवा, ट्रेलरचा पार्किंग ब्रेक लावा, मग आत डोकवा. नुसत्या स्टँडवर टेकलेल्या सायकलला मूल असलेला ट्रेलर जोडून ठेवून लांब जाऊ नका.

१७. वापरलेला ट्रेलर घ्यावा का?

जरूर. नवा चांगला ट्रेलर महाग असतो आणि जर्मनीत वापरलेले खूप मिळतात. फोटोवर जाऊ नका, प्रत्यक्ष बघा. उन्हाने कापड विटलं आणि बोटाने ओढल्यावर शिवण उसवली तर सोडा. पट्ट्यांचे कड झिजलेत का, बकल 'खट्' करून बसतं आणि ओढल्यावर सुटत नाही ना, ते पाहा. दांड्याच्या सांध्यात रबर असेल तर ते वाकवून भेगा शोधा. चाक हातात धरून हलवा, खेळ जाणवू नये. युरोपचं मानक डीआयएन ईएन १५९१८, ते स्टिकरवर असेल तर चांगलं. आणि सरळ विचारा: हा कधी उलटला किंवा गाडीला लागला होता का? विकणाऱ्याच्या उत्तराआधीच्या क्षणभराच्या शांततेवरून बरंच कळतं. जोडणीचा भाग मात्र नवा घ्या, तो तुमच्या सायकलप्रमाणेच हवा (प्रश्न ५).

१८. धाकटा ट्रेलरमध्ये आणि मोठी सहा वर्षांची स्वतःच्या सायकलवर. एकट्याने कसं नेऊ?

आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांनी जर्मनीत फुटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरून जायचं असतं. म्हणून एकट्याने नेणार असाल तर असा वेगळा मार्ग सलग असलेलीच वाट निवडा, म्हणजे दोघी एकाच मार्गावर राहाल. मुलगी पुढे, तुम्ही मागे. ती ट्रेलरच्या मागे असेल तर तुम्हाला दिसणार नाही आणि तुम्ही ब्रेक लावला की ती ट्रेलरवर आदळेल. चौकाआधी थांबायची जागा तिला ठरवून द्या: 'त्या झाडाशी थांब.' अशी वाट मिळत नसेल तर दोन मोठी माणसं हवीत. आम्ही वर्षभर तसंच केलं.

१९. आम्ही अमेरिकेत राहतो. तिथे काय वेगळं आहे?

नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं आहे आणि त्यात ट्रेलरमध्ये बसलेलं मूलही येतं. न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाखालच्या बाळाला सायकलवरून न्यायला बंदी आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही एक वर्षाखाली नेऊ नका असंच सांगते. मग प्रश्न २ मधल्या झोळीच्या सीटचा विचार तिथे सोडून द्या.

२०. सुट्टीत पुण्याला नेता येईल का? तिथे वापरता येईल का?

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं, मीही तिथेच चालवायला शिकले. पण आजच्या रहदारीच्या रस्त्यावर मी मुलाला ट्रेलरमध्ये बसवणार नाही. इंचभर जागेतून घुसणाऱ्या दुचाकींना मागचा ठेंगणा, रुंद ट्रेलर अपेक्षितच नसतो. खड्ड्यात एक चाक गेलं की प्रश्न ११ मधलीच गोष्ट होते, आणि बाजूला रिक्षा असते.

मोठ्या सोसायटीच्या आत, विद्यापीठासारख्या आवारात किंवा सकाळी गाड्यांना बंद असलेल्या टेकडीच्या रस्त्यावर मात्र तो वापरता येतो. गतिरोधक सरळ आणि चालण्याच्या वेगाने ओलांडा, दोन्ही चाकं एकाच वेळी वर चढतील अशी. मे महिन्यात सकाळी आठच्या आत परत या. आजोबांना आधी तांदळाची पोतडी घेऊन दोन फेऱ्या मारायला लावा.